फोटोत आहे तसं

दीपा नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला, बनाबाईला, तीन वर्षांत कुणाला धड सांगता आलं नव्हतं. कुणी विचारलं की बनाबाई म्हणायची, "कंप्युटरवर घरं काढती." ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगी घरकुल योजनेच्या ऑफिसात चिकटली, लगेच एखादा अर्ज पुढं यायचा. दीपानंही समजावणं सोडून दिलं होतं. समजावून सांगायलाही अंगात जीव लागतो, आणि सावेडीतल्या त्या ऑफिसात तो संध्याकाळपर्यंत पार आटलेला असे.

ऑफिस होतं राधाकृष्ण नावाच्या आर्किटेक्टचं. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत. पुण्यातलं कुठलंसं प्रदर्शन पाहून आल्यावर सरांनी नवं मशीन आणि थ्रीडीचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात खोली उभी करायची. भिंती चढवायच्या, सोफा मांडायचा, फळ्यांवर सागवानाच्या रेषा चिकटवायच्या, दिवे टांगायचे, आणि मग मशीनला म्हणायचं, दाखव आता. मशीन सात-आठ तास घुमायचं आणि वरून खाली एकेक रेघ रंगवत चित्र द्यायचं. चित्र कसलं, फोटोच. ज्याला नकाशातलं ओ की ठो कळत नाही असं गिऱ्हाईकही ते पाहून मान डोलवायचं. सत्त्याण्णव साली नगरमध्ये हे करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि दीपा त्यांतली एक होती. वाहवा सरांना मिळे आणि डोळ्यांची आग तिला.

वीज गेली की बॅटरी पंधरा मिनिटं ओरडायची आणि मान टाकायची. सात तासांचं काम सहाव्या तासाला बुडालं तरी दीपा आता रडत नसे. ते पहिल्याच वर्षी रडून झालं होतं. ती चहा घ्यायची आणि पुन्हा बटण दाबायची.

काष्टीचे आप्पासाहेब सावेडीत बंगला बांधत होते. ऊस भरपूर, पोरं शिकायला नगरात, त्यामुळं पश्चिमेकडं तोंड करून दुमजली काम चाललं होतं. बंगल्याचा हॉल मोठा आणि सुटसुटीत होता. दारातून आत शिरलं की समोर पूर्वेची खिडकी, अगदी मधोमध. डावी-उजवी भिंत सारखीच, दोन्हींत समोरासमोर एकेक दार. उजव्या भिंतीला टीव्हीचं मोठं शोकेस यायचं होतं. आणि डावीकडे, खिडकीच्या बाजूच्या कोपऱ्यात, म्हणजे बरोबर ईशान्येला, सागवानी देवघर. आप्पासाहेबांच्या पत्नी राहीबाईंनी एवढी एकच गोष्ट मागितली होती. "बाकी काय करायचं ते करा," त्या म्हणाल्या होत्या, "देव तेवढं ईशान्येला, अन् वर कमान पायजे." त्याच भेटीत त्यांनी दीपाचं आडनावही विचारून घेतलं होतं. ते सगळेच विचारतात. दीपानं सांगितलं, त्यांनी "आसं व्हय" म्हणून पदर सारखा केला, आणि दीपानं पुढं केलेला चहाचा कप होता तिथंच राहिला.

दीपाच्या घरात देवघर नव्हतं. आजोबांनी, सहादूनं, छप्पन सालानंतर घरातले देवांचे टाक धोतराच्या सोग्यात बांधून सीना नदीला सोडले होते आणि घरी येऊन पोटभर जेवले होते. ही गोष्ट घरात अजून हसून, मान वर करून सांगितली जायची. पण काम ते काम. तिनं या देवघरावर चार दिवस घातले. कमानीची गोलाई तीनदा बदलली. समईच्या उजेडाचा पिवळेपणा जुळेना, म्हणून भांड्यांच्या दुकानासमोर उभी राहून पितळेवर दिवा कसा पडतो ते पाहून आली. चित्र जेव्हा रेघारेघांनी उतरलं, तेव्हा तिला स्वतःलाच त्या पाटावर हात फिरवावासा वाटला. थकलेल्या माणसाला आपलं काम आवडणं ही फार वाईट गोष्ट आहे. त्यामुळं सुटका लांबते.

आता हे चित्र कागदावर आणायचं कसं, ही नगरातली निराळीच कथा होती. रंगीत प्रिंटर होता, पण तो चेहऱ्यांना कावीळ करायचा. म्हणून सरांनी युक्ती काढली होती: खिडक्यांना काळे पडदे लावायचे, मॉनिटरसमोर तिकाटण्यावर कॅमेरा उभा करायचा, बटण सेकंदभर दाबून धरायचं, आणि रोल मच्छिंद्रच्या कलर लॅबमध्ये धुवायला टाकायचा. तिथून यायचा तो खराखुरा फोटो, लग्नाच्या अल्बममध्ये असतो तसा, चकचकीत कागदावरचा.

त्या दिवशी घाई होती. आप्पासाहेबांचं सगळं घर काष्टीला जमलं होतं आणि सर जीप चालू ठेवून लॅबच्या दारात उभे होते. मच्छिंद्रनं रोलमधून तेवढी एकच निगेटिव्ह कापून मशीनला लावली आणि घाईघाईत उलट्या अंगानं लावली. दीपानं फोटो हातात घेतला आणि तिच्या लगेच लक्षात आलं. देवघर उजवीकडे गेलं होतं, शोकेस डावीकडे. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. चित्रात एकही अक्षर नव्हतं, भिंतीवरचं घड्याळ बिनआकड्यांचं होतं, आणि दहा वाजून दहा मिनिटं उलटी केली तर दोनला दहा कमी होतात. त्याचं कुणाला काय.

"मच्छिंद्रभाऊ, हा उलटा निघालाय."

"परत काढायचा तर उद्या, ताई. मशीन बंद केलं. पाणी बदलायचंय."

बाहेर सरांनी हॉर्न वाजवला. दीपा आदल्या सकाळपासून धड जेवली नव्हती. चित्रच तर आहे, तिला वाटलं. लोकांनी खूश व्हायचं, एवढंच त्याचं काम. बांधणार ते नकाशावरून, आणि नकाशात उत्तरेचा बाण ठळक आहे. तिनं फोटो पाकिटात घातला आणि सरांना नेऊन दिला. सर परत आले ते हसतच आले. काष्टीला फोटो घरभर फिरला होता, राहीबाईंनी तो डोळ्यांना लावला होता. त्याच्या तीन प्रती निघाल्या, त्याच निगेटिव्हवरून, त्याच अंगानं. एक आप्पासाहेबांकडे, एक ऑफिसच्या भिंतीवर, आणि एक भिमाजी मिस्त्रीकडे.

भिमाजी तिसगावचा सुतार. पंचावन्नच्या पुढचा, बोलायला कमी. सरांची लाकडाची कामं अलीकडे नगरातली तरुण पोरं करत. ती प्लायवूडवर सनमायका चिकटवून आठ दिवसांत मोकळी व्हायची. पण सागवान म्हटलं की सर अजून भिमाजीला निरोप धाडत. या बंगल्याचं काम उभं राहिलं की पुढच्या दोन बंगल्यांचंही त्यालाच, असं ठरलं होतं. त्या भरवशावर त्यानं गावातली बारीकसारीक कामं दुसऱ्यांना देऊन टाकली होती.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला, एसटीडी बूथवरून. दीपाच्या मशीनवर दुसऱ्याच कुणाचं स्वयंपाकघर शिजत होतं आणि वीज नुकतीच दोनदा जाऊन आली होती.

"तायी, भिमाजी बोलतोय. नकाशात येक हाय अन् फोटूत येक. कसं करू?"

तिला वाटलं, कमानीबद्दल विचारतोय. कमानीची गोलाई नकाशानंतर बदलली होती, फोटोतलीच खरी होती. उलट्या प्रिंटची आठवण तिच्या मनाला शिवलीही नाही. बॅटरी पुन्हा ओरडायला लागली होती.

"फोटोत आहे तसं करा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढं तीन महिने गेले. लाकूडकाम भिमाजीवर सोपवून सर तिकडं फारसे फिरकले नव्हते. वास्तुशांतीला दहा दिवस उरले तेव्हा सर पडद्यांचा रंग ठरवायला दीपाला बंगल्यावर घेऊन गेले. आप्पासाहेब आणि राहीबाई काष्टीहून आलेच होते. दारातून आत पाऊल टाकलं आणि दीपा उंबऱ्यातच थांबली. समोर तिचंच चित्र उभं होतं, माणसाएवढं, सागवानाच्या वासासकट. तीच कमान, तोच पाट. आणि सगळं उलटं. देवघर उजव्या कोपऱ्यात होतं.

राहीबाई खिडकीशी उभ्या होत्या. सकाळचं ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं. त्यांनी उन्हाकडं पाहिलं, मग डाव्या हाताकडं, मग देवघराकडं. तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजलं.

"अवो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "सूर्य ह्यो असा. मंग देव आग्नेयला कसं?"

सरांनी नकाशाची गुंडाळी सोडली, बाण पाहिला, पुन्हा पाहिला. त्यांच्या मानेवर घाम आला.

"मिस्त्री," ते म्हणाले, "नकाशात काय आहे आणि तुम्ही काय केलंय? इतक्या वर्षांत डावं-उजवं कळेना झालं का तुम्हाला?"

भिमाजी कोपऱ्यात पॉलिशचा बोळा हातात घेऊन उभा होता. त्यानं बोळा खाली ठेवला, हात पुसले आणि सदऱ्याच्या खिशातून फोटो काढला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, कडा मऊ पडलेला. त्यानं एकदा फोटोकडे पाहिलं आणि एकदा दीपाकडे. फार वेळ नाही, पापणी लवेल एवढाच. मग फोटो होता तसा खिशात ठेवून दिला.

"चुकलं माजं," तो म्हणाला.

"नुसतं चुकलं म्हणून कसं भागेल?" सरांचा आवाज चढला. साहजिकच होतं, खापर फोडायला डोकं मिळालं की माणसाच्या जिवात जीव येतो. "वास्तुशांतीच्या आत हे सगळं पदरचं घालून हलवायचं. आणि पुढच्या कामांचं आता मी दुसरीकडे बघतो. नकाशा वाचता येत नसेल तर असली कामं घेऊ नयेत माणसानं."

भिमाजीनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

दीपाला फोन आठवला. शब्द न् शब्द आठवला. भिमाजी त्यातलं एक अक्षर काढणार नव्हता, हे तिला त्या एका नजरेत कळलं होतं, आणि त्याचीच तिला जास्त शरम वाटली. तिनं तोंड उघडायला हवं होतं. पण तोंड उघडलं तर पुढं काय ऐकावं लागेल, हेही तिला पाठ होतं. दुसऱ्या कुठल्या पोरीकडून सोफा चुकला असता तर ती पोरगी वेंधळी ठरली असती. तिच्याकडून देवघर चुकलं होतं. ती वेंधळी ठरणार नव्हती, ती 'त्यांच्यातली' ठरणार होती. तीन वर्षं डोळे जाळून तिनं जे कमावलं होतं ते एवढंच, की या ऑफिसात तिचं काम तिच्या आडनावाच्या आधी दिसायला लागलं होतं. गप्प राहिलं तर ते शाबूत राहत होतं. भिमाजी तिसगावला परत गेला असता, चार दिवस लोक बोलले असते, आणि विसरले असते. त्याचं मात्र सगळं गेलं असतं.

तिला भयंकर थकवा आला. भिंतीला टेकून खाली बसावं, असं वाटलं. ती बसली नाही.

"सर, मिस्त्रींची चूक नाही," ती म्हणाली. "फोटो उलटा निघाला होता. मी त्याच दिवशी पाहिलं होतं आणि तसाच दिला. मिस्त्रींनी मला फोन करून विचारलंही होतं. मीच म्हटलं, फोटोत आहे तसं करा."

आप्पासाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. बोलल्या त्या राहीबाई, आणि रागानं नाही. रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आगं, तुजी कशाची चूक," त्या जवळ येत म्हणाल्या. "तुमच्यात देव नसत्यात घरात. तुला कुठनं कळनार, कुठं काय आसतं ते. लेकराला काय बोलायचं."

"काकू, मला दिशा कळतात. नकाशा मीच काढला होता, तो बरोबर आहे. फोटो उलटा आहे हे मला माहीत होतं. मी कंटाळा केला."

"ऱ्हाऊ दे बाई. तू नको जिवाला लावून घेऊ."

तिनं खरं सांगितलं होतं, पूर्ण सांगितलं होतं, आणि ते कुणालाच नको होतं. सरांनी राहीबाईंचं वाक्य वरच्या वर झेललं. "बरोबर आहे वहिनी," ते म्हणाले, "ते माझ्याच लक्षात यायला हवं होतं. यापुढं देवघराचं काम मी स्वतः बघत जाईन." इतकं समजूतदारपणे म्हणाले की, त्यांच्यावर चिडायचीही सोय राहिली नाही. पुढच्या कामांचं ते भिमाजीला काही बोलले नाहीत. म्हणजे ती कामं त्याचीच राहिली. आप्पासाहेब म्हणाले, "हलवा मग मिस्त्री, काय लागंल ते मी देतो," आणि सगळे कंपाउंडची भिंत बघायला बाहेर गेले.

हॉलमध्ये दीपा आणि भिमाजी उरले. तो हत्यारांच्या पेटीपाशी उकिडवा बसून पटाशी शोधत होता. दीपाला काहीतरी बोलायचं होतं, पण माफी मागण्याएवढंही त्राण उरलं नव्हतं.

"काका, तुम्ही सांगायचं ना फोनचं."

"तुमची नोकरी हाय," तो म्हणाला. "मला खटकलं हुतं, तायी. देव आग्नेयला कोन बसवतं? म्हून तर फोन केल्ता. मंग म्हटलं, फोटू खोटं कसं बोलंल. कुनाच्या तरी घरात आसंच हाय, समई लावल्याली हाय, लोक सुखानं नांदत्यात. त्यांना चालतंय तर हितंबी चालंल."

त्याला पटाशी सापडली. तो उठून देवघरापाशी गेला आणि पाठमोराच म्हणाला, "येक इचारू का? तो मिस्त्री कोन हुता?"

"कुठला मिस्त्री?"

"फोटूतलं देवघर ज्यानं केलंय त्यो. पुन्याचा हाय का? म्या भिंग लावून पाह्यलं, कमानीला कुटंबी जोड दिसत न्हाई. येवढ्या गोलाईला येक फळी पुरत न्हाई, जोड द्यावाच लागतो. मंग ह्या बाबानं लपवला कसा? तीन डाव कमान केली अन् मोडली. रेषेला रेष मिळंना. चौथ्या डावाला जमलं." त्यानं कमानीवरून हात फिरवला. "त्याला येकदा आनून दाखवा. म्हनावं, तिसगावच्या मानसानंबी लपवलाय."

खोटं बोलणं सोपं होतं. पुण्याचा आहे म्हणायचं, वारला म्हणायचं, काहीही म्हणायचं. पण आज एकदा खरं बोलून झालं होतं आणि दुसऱ्या कशाची ताकद नव्हती.

"काका, तसं घर कुठंच नाही. तो हॉल मी कंप्युटरवर काढलाय. मिस्त्री कुणी नव्हता."

"आन् लाकूड?"

"लाकूडही नव्हतं."

"म्हंजी जोड नव्हताच."

"नव्हता."

बाहेर सर पडद्यांच्या रंगाचं बोलत होते, हसत होते. भिमाजीनं हं केलं, एवढंच. पाट अख्खा सुटणार होता, पण कमान भिंतीत बसवलेली. ती जोडावरच उकलावी लागणार होती. त्यानं अंगठा कमानीच्या एका टोकाला टेकवला आणि हळूहळू दुसऱ्या टोकापर्यंत नेला. पुन्हा मागं आणला. खिडकीकडून वाकून पाहिलं, खालून पाहिलं.

"माजी नजर गेली आता," तो म्हणाला. "तुमी बघा तायी. म्या जोड कुटं घातलाय?"

दीपा पुढं झाली. तीन वर्षं काचेवरच्या बारीक ठिपक्यांत चुका शोधून तिची नजर तयार झाली होती. तिनं कमानीवर नख फिरवलं, तिरकी मान करून उजेडात पाहिलं, रेषेमागून रेष पाहिली. सागवान एकसंध वाहत गेलं होतं. तिलाही जोड सापडला नाही.

"नाही दिसत, काका."

"न्हाई?"

"नाही."

भिमाजीनं मान हलवली, कमानीच्या मधोमध अंदाजानंच पटाशी ठेवली आणि हातोडी उचलली.